नव्या लाकडाला जुनं करताना

माजं गाव संगमेश्वराच्या बाजूला, बापूस सुतार, आजा सुतार, आणि बापसाची शिस्त अशी की दोन फळ्यांच्या सांध्यात केससुद्धा जाता नये, गेला तर सगळ्यांदेखत काम उकलायला लावायचा. तेवढं शिकून मी कुवेतला आलो, आता बावीस वर्षं झाली, महबूल्याला एका खोलीत आमी सहाजण ऱ्हातो.

काय सांगू तुमाला, रुमैथियाला एका घराचं काम लागलं, मालकिणीला विलायतेतल्या गावाकडच्या बड्या जमीनदारांची असतात तसलं घर पायजे होतं, भिंती खालपासून वरपर्यंत ओकच्या लाकडाच्या, रुंद जिना, दिवाणखान्यात शेकोटीची मोठी चौकट. आता कुवेतात शेकोटी कोण पेटवतंय, आत एसीच बसवला. आठ महिने खपलो मी. मॅडम आली, सगळं बघितलं न् म्हणाली, मिस्त्री, बहुत अच्छा है, लेकिन नया दिखता है, तीनसौ साल पुराना चाहिए.

मंग इंजिनियर साखळी घेऊन आला, म्हणाला लाकडाला हिनं मार, कडा घासून झिजव, बारीक ड्रिलनं किडीची भोकं पाड. अवो, लाकडाला कीड लागू नये म्हणून आमच्या पिढ्या खपल्या, आणि मी नव्या फळीला भोकं पाडतोय. पयल्या दिवशी हात उठेना, रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण मारलं. मी नाय तर दुसरा मारणार, आणि माजा इकामा, म्हंजे हितं ऱ्हायाचा परवाना, कंपनीच्या हातात. मॅडम खूश झाली. तवापासून मला तसलीच घरं देतात, म्हणतात जुनं करावं तर यानंच.

गेल्या सुट्टीत बायकोसाठी सागवानाचा देव्हारा केला, लई वर्षं मागत होती. पुसायला घेतलान् न् म्हणाली, अवो, नवा ना हा, मंग कडा अशा झिजलेल्या कशा? बघतो तर खरंच. कोणी सांगितलं नव्हतं, मीच घासल्या होत्या, मला कळलंसुदिक नाय. ती रागावली नाय, म्हणाली तुमी दमलात, या आता कायमचे. त्याच देव्हाऱ्यात देव बसवलेन.

आता दस्मानला नवीन घर चालू हाय, जिन्याचा कठडा माज्याकडं. त्या लोकांचं काय वाईट चिंतत नाय, सुखात ऱ्हाऊ देत. जेवणाच्या सुट्टीत मी उरलेला एखादा तुकडा घेतो न् कड सरळ काढून बघतो. अजून येत नाय. आली की जाईन म्हणतो घरी.