फळ्यावरचा दारुडा

दुपारचे चार, शाहूपुरीतल्या एका कॉलेजचा वर्ग. दारूबंदी नुकती आलेली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक माझ्या वर्तमानपत्रासाठी मला आपलं संशोधन समजावत होते: एकदा गेलेल्या चौकात पुन्हा पाय न टाकता दारुडा किती लांब पोचेल? रेणूंच्या साखळ्या म्हणे अशाच पसरतात. तेवढ्यात, वर्गात दारुडा असल्याचं ऐकून प्राचार्य हवालदाराला घेऊन आले.

"मास्तर, दारुडा कुठं हाय?"

"फळ्यावर."

हवालदारानं फळ्यावरची खडूची वाट निरखली. "मागं फिरायचं न्हाय, मग ह्यो घरला येणार कसा?"

"येणारच नाही! किती लांब जाईल, तेच शोधतोय. उत्तर आलंच आहे, फक्त उतरवून घेतो."

"घ्या की!" म्हणत हवालदार बाकावर बसला. प्राचार्यांनी मात्र स्वतः फळा पुसला.

दारूबंदीच्या कुठल्या कलमाखाली गणित पुसलं, हे मी छापून विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.