खोटं पकडणारी हिरडी

नाही पटत? मंग नोको मानू! माह्या एका शब्दावरही भरोसा ठेवू नोको — पण आधी ते गाडी बंद कर, फटफट फटफट, कान गेले माहे. हाव, हेच ते हिरडी. पांढरी टोपी दिसते नं दातावर? चिखलीच्या निवेदिता डॉक्टरीणबाईनं बसवली, पोळ्याच्या वक्ताले. कॅप म्हणतात तिले. अन् तिच्या भवतालची हिरडी फुगते, कोणी जवळ बसून खोटं बोललं का. मी नाही म्हणत, सारा गाव म्हणते! — बरं, पयल्यांदा मीच म्हणलं. सरस्वतीबाई आली होती, तानाबाई, गाल काऊन सुजला म्हणे. मी म्हणलं, माय, टोपीत मशीन हाय, लबाडीचा वास आला का फुगते. गंमत केली रे! त्या बाईनं दिवस बुडाच्या आत गावभर केलं. तवापासून सुधाकर मास्तर मले पाहून रस्ता बदलते. माही सून समता — तिनं त आपल्या मनानंच सांगून टाकलं का कुरड्या तिच्या मायनं धाडल्या होत्या, तिनं केल्याच नव्हत्या. मी इचारलंही नव्हतं! भल्ली मजा आली.

अन् आता तू, भगवाना. पंधरा दिसांपासून वावरातला हुरडा जाऊन राह्यला, काल धुऱ्यापलीकडं, जानरावच्या वावरात, हुरडा भाजल्याची राख भेटली, म्हणून त्याचं नाव घेऊन ठाण्यात चालला — अन् जाता जाता हिरडीले इचारतं! लहानपणी एका ताटात जेवले रे तुम्ही दोघं. काल तू त्याले पारावर चोर म्हणलं, तवापासून जेवला नाही तो, त्याची बायको सांगत होती. चार कणसांसाठी?... हो बाप्पा, चार तास, साऱ्या उभ्या ओळी. पोरीच्या सासरच्यांसाठी मुद्दाम पेरले होते, समजलं. बस असा जवळ. बोल, मोठ्यानं बोल — जानरावनं माहा हुरडा चोरला... पाह्य! पाह्य! फुगला का नाही गाल? खोटं हाय, भगवाना, खोटं हाय!... जीभ? कोणाची जीभ? जीभ नाही रे ते!... बरं, हाव. जीभच हाय. दात नोको काढू.

खरं सांगू का, आज मशीन बंद हाय. सकाळीच जीपनं जाऊन आली मी डॉक्टरीणबाईकडं. दुखे रे बाप्पा! रगत ये, पाणी पेलं तरी कळ कानापर्यंत जाये. मी आपली पदराची पिन काढून कोरत बसो, त आणखीच सुजे. भल्ली कावली ते बाई, पिनच हिसकून घेतली माही. म्हणे, आजी, टोपी बसवली म्हणजे दात लोखंडाचा नाही झाला, तिच्या कडंले घास अडकते, रोज मऊ बुरुश फिरवायचा, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या. अन् मंग चिमटा घातला, अन् काढलं — काय असंल? फोल! हुरड्याचं फोल, टोपीच्या कडंखाली घुसून असं बसलं होतं जसं जावई सासरी बसते. म्हणे, आजी, हुरडा खाल्ला का? मी म्हणलं, नाही वं माय. अन् तिची ते नर्स, मशीनची गोष्ट मीच सांगितली होती तिले, हसून हसून लोळली — काऊन का हिरडी त तवा फुगलेलीच होती!

असा काऊन पाहून राह्यला? हुरडा काय एकट्या तुह्याच वावरात हाय? बाजारात भेटते... तुह्या वावरातली गुळभेंडी ज्वारी? नाही, गुळभेंडी नाही भेटत बाजारात, तसा दुधाळ, तसा गोड, चोळला का तळहातावर — हं. कोणी दिला असंल मले. बुढ्या माणसाले देतात लोकं.

अन् राख पलीकडं भेटली म्हणून जानराव चोर? अक्कल हाय का बे तुले? सांजच्याले वारा कुठून येते? इकडं आगटी पेटवली असती त सारा धूर तुह्या गोठ्यात गेला असता, म्हशी खोकलून खोकलून मेल्या असत्या. तुह्या म्हशींची काळजी म्हणून त कोणी — कोणीतरी — धुऱ्यापलीकडं पेटवली असंल... मले कसं माहीत? वारा साऱ्या गावाले लागते!

भगवाना? गाडीची चाबी काऊन फिरवत बसला नुसती?... हे पाह्य, ठाण्यात सांगशील काय? बुढीच्या दातातून मुद्देमाल निघाला? ते फोल त डॉक्टरीणबाईनं फेकलं बी कचऱ्यात.

ठाण्यात नोको जाऊ. गाडी जानरावच्या घराकडं फिरव, त्याच्या हातचा चहा पे, अन् साऱ्यांसमोर सांग, तानामायची हिरडी म्हणे जानराव सच्चा माणूस हाय. पाह्य — बोलली मी, फुगली का? नाही नं? हात लावून पाह्य पाहिजे त. अन् उरला असंल त वाटीभर धाडजो — कवळा, नीट पाखडून, फोल नोको ठेवू एकबी — डाव्या बाजूनं नाही खात मी आता, कसम. समते, आण वं ते मिठाचं पाणी! गुळण्यांचा वक्त झाला माहा, अन् तोंडात पाणी असलं का मले बोलता येत नाही, त पुढचं काही इचारू बी नोको. जाय आता. जाय!