मित्सुएनं भरलेला ग्लास

हिसायो : अगं, सोडली म्हणतोय ना तो! आईबाबांच्या फोटोंपुढे उदबत्ती लावून शपथ घेतलीय माझ्या भावानं. आजपासून एक थेंब नाही. मग ही बॅग कशाला, मित्सुए?

मित्सुए : बॅग सकाळीच भरली, वन्सं. शपथ दुपारी झाली.

हिसायो : वर तोंड करून बोलू नकोस. एवढ्या बर्फातून चार तास गाडीत बसून आले, ती तुमचा संसार सावरायला.

गेंझो : ताई, तिला बोलू नकोस. चूक माझीच आहे. दारू पोटात गेली की मी मी राहत नाही. पण आता संपलं. परवाची शेवटची.

हिसायो : ऐक! असं कबूल करणारा नवरा शोधून सापडायचा नाही. आमचे बाबाही तस्सेच. प्यायले की राक्षस, उतरली की देवमाणूस. आईनं चाळीस वर्षं काढली, पण ब्र काढला नाही. आणि टाळी काही एका हातानं वाजत नसते.

मित्सुए : माझा तर सध्या एकच चालतोय. उजवा प्लास्टरमध्ये आहे.

गेंझो : मित्सुए, पुन्हा पुन्हा तेच काय? दारूनं केलं ते. ती सोडली, विषय संपला.

मित्सुए : तुम्ही दारू सोडून आठ महिने झाले.

गेंझो : काय?

मित्सुए : एप्रिलपासून. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

हिसायो : हे काय बरळतेस? परवाच म्हणालीस ना फोनवर, जेवताना तीन ग्लास बिअर घेतली म्हणून?

मित्सुए : घेतलीच. ही घेतली. बघा.

(मित्सुए स्वयंपाकघरातून एक कॅन आणून टेबलावर ठेवते.)

हिसायो : शून्य... पूर्णांक... शून्य शून्य. म्हणजे?

मित्सुए : म्हणजे हिच्यात दारू नाही. डॉक्टरांनी यांच्या यकृताचा रिपोर्ट दाखवला, त्याच दिवशी दुकानात गेले. मालकानं नीट समजावलं. एक हलकी असते, अर्ध्या टक्क्याची. दुसरी ही, नुसतं शून्य. रंग तोच, फेस तोच, कडूपणाही बराचसा तोच. एकदम बदललीत तर जिभेला कळेल म्हणाला. म्हणून आधी खरीत ही मिसळली, मग पंधरा दिवस हलकी, मग हीच.

गेंझो : खोटं! चाळीस वर्षं पितोय मी. मला कळलं नसतं?

मित्सुए : मे महिन्यात म्हणालात, "आजची भलतीच कडक आहे." ती शून्यच होती. गाणं म्हटलंत, भिंत धरत धरत झोपायला गेलात.

हिसायो : अरे, पण कॅनवर एवढं मोठं लिहिलंय! तू कधी वाचलं नाहीस?

मित्सुए : कॅन पाहणार कुठे? ग्लास बायकोनं भरायचा. सव्वीस वर्षांत यांनी एकदाही आपल्या हातानं ओतून घेतली नाही. रिकामे कॅनही दर बुधवारी मीच टाकते. आणि निवृत्त झाल्यापासून हे बाहेर कुठे जात नाहीत.

हिसायो : म्हणजे नवऱ्याला फसवलंस! आठ महिने!

मित्सुए : हो, फसवलं. त्यांच्या यकृतासाठी, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही. वाटलं, दारू गेली की मारही जाईल. मे महिन्यात हात उठला तेव्हा म्हटलं, अंगात जुनी मुरलेली असेल. जुलैत म्हटलं, हाताची सवय असेल. गेल्या महिन्यात मनगट मोडलं, तेव्हा म्हणायला काही उरलं नाही.

गेंझो : पण मला त्या रात्रीचं खरंच काही आठवत नाही. आईशप्पथ!

मित्सुए : दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही हात बाह्यांत लपवून बसले होते. तुमच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तुम्ही माझी भाताची वाटी उचललीत आणि डाव्या हाताकडे सरकवलीत. चॉपस्टिक्स बाजूला करून चमचा ठेवलात. ज्याला काही आठवत नाही, त्याला कुठला हात मोडला ते कसं ठाऊक?

हिसायो : गेंझो, बोल काहीतरी. गेंझो!

गेंझो : ताई, मला... मला वाटलं होतं, मी प्यायलोय.

मित्सुए : तेच तर. वाटलं की पुरतं तुम्हाला. टॅक्सी आली, निघते मी. फ्रीजमध्ये सहा कॅन आहेत. तीन खरे आणले, तीन शून्याचे. शपथ तुमची, तुम्हीच वाचून घ्या.

हिसायो : थांब. मित्सुए, थांब जरा. आमच्या बाबांची तरी... ती दारूच होती ना गं?

मित्सुए : ते मी कसं सांगू, वन्सं? त्यांचा ग्लास तुमची आई भरायची. दार ओढून घेते. बर्फ आत येईल.

गेंझो : ताई.

हिसायो : काय?

गेंझो : घसा सुकलाय. थोडी ओत ना.

हिसायो : तुझे दोन्ही हात धड आहेत.