जनीची बातमी

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय दीनानाथराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, शाळेतल्या शिक्षिका, आणि मिठागरावरची कामं टाकून पनवेलला आलेल्या माझ्या बायांनो,

सत्यवतीबाई आज मुलींच्या शाळेतून निवृत्त होत आहेत. शिकलेली माणसं त्यांच्याविषयी फार छान बोलली. मी भामा. शाळेच्या पटावर माझं नाव कधीच नव्हतं. तरी त्यांची विद्यार्थिनी म्हणवून घ्यायचा हक्क मी सोडणार नाही!

महायुद्धात आमचे मालक धर्मराज (हसू नका मंडळी, आज नाव घ्यावंच लागेल) पलटणीबरोबर इटलीत होते. पत्रं सासऱ्यांच्या नावे यायची. गावातला एक जाणता ती वाचायचा आणि उत्तर लिहायचा, 'सर्व खुशाल.' श्रावणात आमची जनी तापानं गेली. वर्षाची पोर, बापानं तिला पाहिलंही नव्हतं. तरी उत्तर गेलं, 'जनी खेळते.'

मी म्हटलं, "मामंजी, खरं कळवा."

"लढाईवर हाय तो. घोर लागला तर बंदूक कशी धरंल?"

त्यांना तरी दोष कसा देऊ? मुलगा त्यांचाच होता. पण पुढच्या पत्रात मालकांनी विचारलं, 'जनी चालायला लागली का?' सांगा, कोणती आई गप्प बसेल?

मी बाजारात मीठ विकायची. बाई माझं गिऱ्हाईक. म्हटलं, "बाई, एक पत्र लिवून द्याल?" त्यांनी मला घरी नेऊन दौत उघडली. मी जनीचं नाव सांगितलं आणि पुढचं सांगायचं सोडून रिकामी पाटी पुसत बसले. त्यांनी टाक खाली ठेवला. "भामा, हे दुसऱ्याच्या हातानं व्हायचं नाही. उद्यापासून बाजाराआधी शाळेच्या पडवीत ये."

दिवाळी उलटली तेव्हा मी लिहिलं, 'जनी श्रावनात गेली. माज्या मांडीवर होती. येकटी नव्हती.' बाईंनी एकही चूक सुधारली नाही.

पाकिटावर बाईंचा पत्ता होता; उत्तर आलं ते बाईंच्याच नावे. 'भामाला अक्षर येत नाही. घरून वेगळंच कळतं. बाई, खरं काय?'

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "विचारतो तुझा नवरा. उत्तर तू दे."

मी लिहिलं, 'मीच लिवलं. जाताना खाडीच्या बांधावर तुमी म्हनलात, पोरगी झाली तर नाव जनी ठेव. हे बाईंना कुठून ठावं?'

त्यानंतरचं पत्र माझ्या नावे आलं. आयुष्यातलं पहिलं! 'भामा, मी खूप रडलो. माझ्या पलटणीतल्या जगननं त्या रात्री माझ्या जागी पहारा दिला. बाबांवर रागावू नको. पण तू मला जे खरं असेल तेच लिहीत जा.' ते सासऱ्यांना मीच वाचून दाखवलं. पोर गेल्यापासून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा तिचं नाव घेतलं.

मग पलटणीतल्या इतरांचीही पत्रं मला येऊ लागली. जगननं लिहिलं, 'वहिनी, माझ्या चंद्रावतीला बाईंकडे न्या. तिचं भांडणसुद्धा मला तिच्याच हातचं वाचायचंय.' रामूनं बायकोसाठी लिहिलं, काशीरामनं बहिणीसाठी. पडवी पुरेना!

मालक सुखरूप परतले; ते काय, मागे बसलेत. जगन परतला नाही. चंद्रावतीचं पत्र त्याच्या हाती पडलं होतं, त्यानं ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, असं मालकांनी येऊन सांगितलं. चंद्रावती आज इथं आहे.

बाई, तुम्ही खुशाल विश्रांती घ्या. बायांचा वर्ग बंद पडणार नाही. सोमवारपासून तो चंद्रावती आणि मी घेणार आहोत.

अध्यक्षांनी बोलू दिलं, सभेनं ऐकून घेतलं, उपकार झाले. काही कमी-जास्त निसटलं असेल तर पोटात घाला. बाई, आता उठा. हार घेऊन बाया केव्हाच्या ताटकळल्या आहेत.