मुंबईची पोती

(प्लेगच्या पहिल्या सालातला माघ. ठाण्याजवळच्या बाळकुमात सगुणाच्या दारात लेकीच्या, जयाच्या, लग्नाचा मांडव उभा आहे. सरकारी डॉक्टरच्या हाताखाली गावोगाव साथीचा माग काढणारा तिचा धाकटा भाऊ दामाजी नुकताच आला आहे. गूळपाणी झालं, आता वाद चालू आहे.)

सगुणा : दाम्या, तू जयाचा मामा हायस. मामानं पोरीला हाताला धरून मांडवात आनायची असते. आनि तू म्हनतोस, लगीनच नको!

दामाजी : लग्न नको असं कुठं म्हटलं, बाय? या घरात नको म्हटलं.

सगुणा : का? घराला काय झालं? कालच सारवलंय. बोट लाव बघू, धूल लागते काय?

दामाजी : घर चांगलंच आहे गं. आत ती पोती कसली?

सगुणा : लग्नाचे तांदूल. औंदा पावसानं दगा दिला, आपल्या शेतात काय पिकलं? तुझ्या भावजींनी मुंबईहून मागवले. परवाच मचवा खाडीत लागला.

दामाजी : तेच तर.

सगुणा : तेच काय? तांदलाला प्लेग होतो?

दामाजी : उंदरांना होतो. मुंबईपासून कल्याणपर्यंत मी एवढंच बघत हिंडतोय, बाय. मुंबईचं पोतं जिथं उतरतं, तिथं आधी उंदीर मरून पडतात. मग त्या घरात कुणाच्या तरी काखेत गाठ येते, मग शेजारच्या घरात. कोणत्या गावाला मचवा लागला ते मला सांग, पुढचं मी सांगतो.

सगुणा : आनि तुझा साहेब काय म्हनतो?

दामाजी : साहेब म्हणतो, घाण हवेनं होतं. माझं ऐकून हसतो.

सगुणा : साहेब हसतो, कोलशेतवाले शिव्या घालतात. तुझ्या सांगन्यावरनं सगला गाव शेतात जाऊन राहिला. थंडीत पोरं कुडकुडली, बकऱ्या चोरीला गेल्या, आनि झालं काय? कोनाला साधी शिंक नाय आली!

दामाजी : गाव सोडला म्हणून नसेल आली.

सगुणा : नसेल?

दामाजी : हो, नसेल. खात्रीनं कसं सांगू? न सोडता काय झालं असतं ते बघायला दुसरं कोलशेत कुठून आणू?

सगुणा : बघ, तुलाच ठाव नाय. आनि तुझ्या भरवशावर मी हलद लागायच्या आधी मांडव उपटू? इवाय, जयाचे होनारे सासरे, मोहने गावचे, राग नाकावर. म्हनतील, पोरीच्या घराला अपशकुन झाला. लगीन मोडलं तर जयाला कोन करील?

दामाजी : कळतं गं मला.

सगुणा : डोंबल कलतं! जेव आधी. सुक्या बोंबलाचं कालवन केलंय. तोंड कसं उतरलंय बघ.

दामाजी : नको. जेवण जात नाही.

सगुणा : माझ्या हातचा बोंबील तुला जात नाय? काय झालं रे?

दामाजी : ठाकुर्लीच्या पलीकडं एका गावात असंच सांगितलं होतं. तिथंही लग्नच होतं. हात जोडले, पाया पडलो. हसले सगळे. काल तिथनंच आलो.

सगुणा : आनि?

दामाजी : नवरीची आई तुझ्याएवढीच होती.

सगुणा : दाम्या, इकडं बघ. रडतोस?

दामाजी : मला भीती वाटते, बाय. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मला तूच वाढवलंस. लोकांच्या गावात मी ताठ उभा राहून सांगतो, पुढं असं होईल, तसं होईल. तुझ्या दारात आलो, ती पोती दिसली, आणि हा असा रडत बसलोय. माझं खोटं ठरलं तर ठरू दे. तू बाहेर चल.

सगुणा : शेतात लगीन लावलं आनि सगली धडधाकट राहिली, तर लोक काय म्हनतील?

दामाजी : म्हणतील, दाम्याला वेड लागलंय.

सगुणा : आनि तुझं खरं होतं, ते कलायचं कसं?

दामाजी : नाही कळायचं. कुणालाच नाही. मलाही नाही.

सगुणा : मग तुला यातनं मिलतं काय रे, येड्या?

दामाजी : शिव्या मिळतील. आणि भाऊबीजेला तू.

सगुणा : ...त्या इवायाला मी सांगीन, आमच्यात मोकल्या शेतातच लगीन लावायची रीत हाय.

दामाजी : अशी रीत कुठं आहे आपल्यात?

सगुणा : आजपासनं हाय. पोत्यांना हात नाय ना लावायचा?

दामाजी : अजिबात नाही.

सगुणा : मग जेवनाला भाकऱ्या. नावं ठेवतील, ठेवू देत. आता ऊठ, तुझे भावजी यायच्या आत. तो कोपऱ्यातला खांब तू धर. माझ्या एकलीनं नाय उपटायचा.