न्यागोरोच्या नावेतील सात डब्या

नाव : पॉलीन अविनो ओडुओर. वय : २३ वर्षे. धंदा : आरोग्यसेविका. राहणार : न्यागोरो बेट, व्हिक्टोरिया सरोवर, केनिया.

विचारल्यावरून मी समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी आईसह राहते. एचआयव्हीच्या गोळ्या चालू असलेल्या आणि जुलाब न थांबणाऱ्या रुग्णांच्या शौचाचे नमुने गोळा करून पैलतीरावरील प्रयोगशाळेत पोचवणे, हे माझे काम आहे. अशा माणसांच्या आतड्यात वाढणारे काही सूक्ष्म परजीवी नेहमीच्या जंतांच्या गोळीला दाद देत नाहीत. ते कोणते, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच औषध ठरते. डब्यांवर नावे नसतात. केवळ क्रमांक असतात.

आज गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास मी सात डब्यांची पेटी घेऊन नावेत बसले. नावेचे मालक झॅब्लन ओटिएंडे यांनी पेटी उघडायला लावली. लोकांची घाण नेऊन मी करणी करवते, असे किनाऱ्यावर बोलले जाते, हे मला ठाऊक होते. मासे वाळत घालणारी एक बाई म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचलीस गं, आणि शेवटी हे वेचायला शिकलीस होय?" सगळे हसले.

झॅब्लन म्हणाले, "कुणाकुणाचं आहे ते नावानिशी सांग, पोरी. मग बस खुशाल."

मी नावे सांगितली नाहीत. त्यांनी पेटी सरोवरात फेकली. तेथून दहा पावलांवर बायका पिण्याचे पाणी भरत होत्या.

तीन क्रमांकाच्या रुग्णाला सोमवारपासून उठून बसता आलेले नाही.

चौकीत हवालदारांनी सांगितले की, नुकसान कोणाचे झाले हे कळल्याशिवाय तक्रार घेता येत नाही; सातांपैकी एकाने तरी पुढे यावे. इतर सहा जणांची नावे मी येथेही सांगणार नाही. पाच क्रमांकाची डबी माझी होती. चार वर्षांपासून मी गोळ्या घेत आहे. आईला हे माहीत नाही. आज घरी गेल्यावर मी स्वतः सांगेन.

उद्या सकाळी सातच्या नावेत मला नव्या पेटीसह जागा मिळावी, एवढीच माझी मागणी आहे.

हा जबाब मला आमच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी झॅब्लन ओटिएंडे आणि नावेतील माणसे बाहेर ओसरीत बसलेली होती. वाचण्यापूर्वी हवालदार दार लावू लागले. मी ते उघडे ठेवण्यास सांगितले. लिहिलेले सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.