तीन नकारांनंतर कुठे जायचं?

सुलभावहिनी, आणि माझ्या मित्रांनो,

शुक्रवारची सुट्टी, बाहेर हे असलं ऊन, आणि तरी तुम्ही जोशींच्या या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसला आहात. नजमा वस्तीतून काही जण टेम्पोच्या मागे उभं राहून अल रय्यानपर्यंत आलेत. आपल्यातून गेलेल्या मधुकर सामंतसाठी आलात. मी तुमचे आभार मानणार नाही. आभार मानायला मी त्याचा कोण?

मला बोलायला सांगितलंय. एरवी मला सांगावं लागत नाही. गणपतीत मी उभा राहिलो की तुम्ही प्रसादाच्या ताटाकडे बघायला लागता, हे मला दिसतं. आज मात्र मी तीनदा जोशींना म्हणालो, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. कारण आज माझ्याकडे मत नाही. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. मत नसताना माणूस बोलतो कसा, हे मला माहीत नाही.

मधुकर विम्याचा दलाल होता. दलाल. महिन्यापूर्वी, याच खोलीत, हाच शब्द मी त्याच्या तोंडावर फेकला होता. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तो दुसऱ्या रांगेत बसला होता, भिंतीला टेकून.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या परक्या देशात विमा उतरवायचा तर इथे नोंदलेल्या कंपनीकडे उतरवायचा. तिच्यावर सरकारी खात्याची नजर असते. तक्रार झाली तर दार ठोठावायला एक जागा असते. पण काही कामं अशी असतात की या कंपन्या हात लावत नाहीत. मग दलाल देशाबाहेरच्या कंपनीकडे जातो. तिची इथे नोंद नाही. तिला इथे कुणी जाब विचारू शकत नाही. ती सज्जन असेल तर ठीक. नसेल तर खलास.

मधुकर हेच करत होता. पण कसं करत होता? आधी गिऱ्हाइकाला घेऊन इथल्या तीन कंपन्यांचे उंबरे झिजवायचा. तिघींचा नकार लेखी घ्यायचा. मग बाहेरची कंपनी शोधायचा. आणि शेवटी गिऱ्हाइकासमोर कोरा कागद ठेवायचा. म्हणायचा, आपल्या हाताने लिही, आपल्या भाषेत. 'ही कंपनी इथे नोंदलेली नाही. तिने पैसे दिले नाहीत तर इथे दाद मागता येणार नाही. हे मला समजलं आहे.' इंग्रजी फॉर्मवर नुसती सही घेतली की माणूस वाचत नाही, पण स्वतः लिहिलं की त्याला कळतं, असं तो म्हणायचा.

कळायचं का? मित्रांनो, तुम्ही लिहिलंय ते. सांगा, कळलं होतं?

इब्राहिम मुकादमांनी लिहिलं होतं. ते बसलेत तिथे, दाराशी. दाभोळचे आहेत. त्यांची लाकडी लाँच आहे, जुनी. धक्क्यावरून माणसं आणि सामान समुद्रातल्या कामावर पोचवायची. वर सहा खलाशी. समोर पाण्यापलीकडे दोन देशांची लढाई पेटलेली. जुनं लाकूड आणि लढाईचं पाणी, कोण घेणार विमा? तिघींनी नाही म्हटलं. मधुकरने बाहेरची कंपनी शोधली. कागद पुढे केला. इब्राहिमभाईंनी ते वाक्य लिहिलं, आणि लिहिता लिहिता हसले. म्हणाले, "सामंतानूं, त्या कंपनीला कोण वळखतो? आम्ही तुम्हाला वळखतो."

मधुकरने मला हे स्वतः सांगितलं. सांगताना तो हसत नव्हता. म्हणाला, "मी त्याला म्हटलं, अरे बाबा, मी कंपनी नाही. तर म्हणतो, तुम्ही आहात म्हणून तर लिहितोय." धोक्याची सूचना लिहून घ्यायला बसावं, आणि लिहिणाऱ्याने ती सूचना म्हणजेच भरवसा समजावी! अशी चूक जगात आपल्याशिवाय कोण करेल? आपला माणूस समोर बसलाय ना, मग कागदावर काहीही असो.

उन्हाळ्याच्या तोंडाला लाँचच्या इंजिनला आग लागली. माणसं वाचली. लाँच निम्मी जळाली. मधुकरने कंपनीला टेलेक्स केला. मग दुसरा. मग रोज एक. उत्तर नाही. आजपर्यंत नाही. कंपनी बुडाली, की टाळतेय, की कुणाच्या टेबलावर कागद पडलाय, हेही आपल्याला माहीत नाही.

आणि मग मी उभा राहिलो. मी काय काय म्हणालो ते तुम्हाला आठवतं. मी म्हणालो, हातात तराजू नाही आणि माल विकतो तो हा माणूस. मी म्हणालो, सूचना दिली म्हणजे पाप फिटत नाही. खड्ड्यावर पाटी लावून माणसाला त्यातच ढकलायचं, याला धंदा म्हणतात का? मी अर्ज लिहिला. नोंद नसलेल्या कंपनीकडे विमा नेण्याची दलालांना मुळीच परवानगी नसावी, असा. तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

मधुकरनेही केली. हो. चहाच्या वेळी माझ्याजवळ आला. म्हणाला, "वक्ते, पेन दे." मी म्हटलं, "तुझ्याच विरुद्धचा अर्ज आहे, वाचलास का?" म्हणाला, "खड्ड्याची उपमा बरी होती. पण ज्याला रस्ताच नाही तो खड्ड्यातून नाही तर कुठून जाणार, ते राहिलं." मी म्हटलं, "तू पळवाट काढतोयस." तो म्हणाला, "बरं." आणि सही केली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, तो ऑफिसातल्या खुर्चीतच गेला.

मी मधुकरच्या घरी, सुलभावहिनींकडे गेलो. म्हटलं, वहिनी, माझ्या शब्दांनी तर... वहिनींनी मला मध्येच तोडलं. म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या भाषणांनी माणसं मरत असती तर मंडळात कुणी उरलं नसतं. डॉक्टरांनी दोन वर्षांपासून गोळ्या दिल्या होत्या, ते घेत नव्हते." वहिनी, मला त्याही वेळी कळलं नाही की तुम्ही मला सोडवलंत की हाकललंत. आजही कळत नाही.

मग इब्राहिमभाई भेटले. मला वाटलं, हे चिडलेले असतील. ते रडत होते. मी म्हटलं, "अहो, ज्याने तुम्हाला बुडवलं त्याच्यासाठी रडता?" म्हणाले, "सायब, तिघांनी दारातूनच परत धाडलानी. ह्यानं बसवलान. चाय पाजलान." मी म्हटलं, "आणि बसवून बुडवलं!" ते म्हणाले, "होय."

एवढंच. होय. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, ते तोंडातच राहिलं. दोन्ही खरं असेल तर मी भाषण कशावर करू?

या आठवड्यात इब्राहिमभाईंनी लाँच दुरुस्त करून पाण्यात सोडली. ती धक्क्याला बांधलेली आहे. विम्याचा कागद दाखवल्याशिवाय कामावर येऊ नका, असं कंत्राटदार म्हणतो. बाकीचे दलाल आपल्या अर्जाबद्दल ऐकून घाबरलेत, ते इब्राहिमभाईंना दारातही उभं करत नाहीत. तेव्हा ते माझ्याकडे आले. मला विचारलं, "सायब, आता कुठं जाव?"

मी त्यांना घेऊन गेलो. मी! तीन कंपन्या. पहिल्या ठिकाणी दीड तास बाकावर. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी हसून नाही म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी मी इंग्रजीत भाषण केलं, तुम्ही ऐकायला हवं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सॉरी." मी म्हटलं, लेखी द्या. लेखी कुणीच दिलं नाही. मधुकर या माणसांकडून लेखी कसं मिळवत होता? किती वेळ बसत होता? किती वेळा जात होता? मी त्याला हे कधी विचारलं नाही. मी त्याला फक्त सुनावलं.

मधुकरच्या फायलीत बाहेरच्या आणखी एका कंपनीचा टेलेक्स नंबर आहे. इब्राहिमभाई मला म्हणाले, पाठवू का? मी हो म्हटलं नाही. मी नाही म्हटलं नाही. मी, जो प्रत्येक प्रश्नावर टेबल आपटतो, मी पायातल्या चपला बघत उभा राहिलो.

ऐका. माझं मत नाही असं म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. नियम हवा. अजूनही म्हणतो, हवाच. आज दलाल मधुकर होता, उद्या दुसरा असेल, जो कोरा कागद पुढे करणार नाही, तीन उंबरे झिजवणार नाही, फक्त कमिशन घेईल. चांगल्या माणसाच्या भरवशावर बाजार सोडता येत नाही. हे मी मधुकरच्या फोटोसमोर म्हणतो. पण नियमाने बाहेरचं दार लावलं आणि आतलं उघडलंच नाही, तर सहा खलाशी धक्क्यावर उभे राहतात. तेही मी पाहिलं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींशी भांडतायत आणि मी मध्ये उभा आहे.

उद्या शनिवारी खातं उघडेल. मी अर्ज घेऊन जाणार आहे. सह्यांच्या वर जागा होती, तिथे काल मी हाताने लिहिलं: 'इथल्या कंपन्यांनी नाकारलं तर कारण लेखी द्यावं, आणि ज्याला सगळ्यांनी नाकारलं त्याचा विमा कुणी घ्यायचा, ते खात्यानेच सांगावं.' तुमच्या सह्या जुन्या अर्जावर होत्या. ज्याला हे मान्य नसेल त्याने आज आपलं नाव खोडावं, मी रागावणार नाही. तिथला अधिकारी विचारेल, तुम्हाला दार बंद हवं की उघडं? मी सांगेन, दोन्ही. तो हसेल. हसू दे.

इब्राहिमभाई, तुम्ही माझ्याबरोबर चला. मी काही कबूल करत नाही. फक्त चला.

मधुकर, मी तुला दलाल म्हणालो. तो शब्द मी परत घेत नाही, कारण ते तुझं काम होतं. ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज परत घेतो.

आता सगळ्यांनी उभं राहावं. काही क्षण कुणीच बोलू नये. मीसुद्धा नाही.